काळ्यातून काढलेला सरदार

या छापचित्रात घोड्याला रेलून उभे असलेले, छातीवर कवच चढवलेले हे सेनानी म्हणजे जॉन मॅनर्स, मार्क्विस ऑफ ग्रॅनबी. रटलंडच्या ड्यूकचे थोरले चिरंजीव आणि सप्तवार्षिक युद्धात जर्मनीत लढलेल्या ब्रिटिश घोडदळाचे लाडके सरदार. ३१ जुलै १७६० रोजी वॉरबुर्गच्या लढाईत घोडे भरधाव सुटले असताना त्यांची टोपी आणि केसांचा टोप दोन्ही उडाले, तरी ते तसेच बोडक्या डोक्याने फ्रेंच फौजेवर चालून गेले. टोपाशिवाय चारचौघांत जाणे उमरावाला शोभत नसे, अशा त्या काळात जोशुआ रेनल्ड्स यांनी हे टक्कल बेधडक रंगवले. ते मूळ तैलचित्र मात्र थोड्यांच्याच दृष्टीस पडणार होते. दुकानाच्या काचेमागे आणि घराघरांच्या भिंतींवर ग्रॅनबी पोहोचले ते जेम्स वॉटसन या डब्लिनच्या ठसाकाराने केलेल्या या मेझोटिंटमुळे, म्हणजे खरखरीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापचित्रामुळे.

आता हा तांब्याचा पत्रा जवळून पाहू. अर्धगोल धारेला बारीक दाते असलेले हे हत्यार म्हणजे रॉकर. ते पत्र्यावर डोलवत आडवे, उभे, तिरपे, पुन्हा आडवे असे इतक्या वेळा फिरवायचे, की सारा पृष्ठभाग खरखरीत होऊन तांब्याची सूक्ष्म कुसळे उभी राहतात. या कंटाळवाण्या कामालाच कित्येक दिवस लागतात. या अवस्थेत शाई भरून छाप घेतला, तर कागदावर मखमलीसारखा गडद काळा रंग उमटतो. चित्र काढायचे ते या काळ्यातून: जिथे उजेड हवा तिथे कुसळे खरवडायची, आणि कवचावरची चमक किंवा कपाळावरची झळाळी हवी असेल तिथे तांबे घोटून गुळगुळीत करायचे, म्हणजे तिथे शाई धरतच नाही. रेषेचा आधार न घेता केवळ छटांनी कातडे, मखमल आणि लोखंड यांतला फरक दाखवणे, ही या कलेची खरी परीक्षा.

हे तंत्र १६४२ च्या सुमारास लुडविग फॉन सीगेन यांनी शोधले आणि इंग्लंडमध्ये त्याचा प्रसार प्रिन्स रूपर्ट यांनी केला. तेही घोडदळाचेच सेनापती होते, हा योगायोग मजेदार आहे. पुढे इंग्रज कारागीर यात इतके पारंगत झाले, की युरोपात हिला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणू लागले. आपल्याला अमर करील तो हाच माणूस, असे रेनल्ड्स यांनी मॅकआर्डेल या दुसऱ्या डब्लिनकर ठसाकाराविषयी म्हटल्याचे सांगतात. आम्हाला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

कुसळे नाजूक असल्यामुळे शंभर-दोनशे चांगल्या छापांनंतर पत्रा झिजतो आणि काळा रंग करडा पडतो. म्हणून संग्राहक सुरुवातीचे छाप शोधतात. चित्रात लगाम धरून उभा असलेला कृष्णवर्णीय सेवक निनावीच राहिला. ग्रॅनबी १७७० मध्ये स्कारबरो येथे मोठे कर्ज मागे ठेवून वारले, आणि इंग्लंडमधल्या अनेक पबांवर आजही त्यांच्या नावाची पाटी आहे.