चुंबकमापकाचा पासंग

नमस्कार श्रोतेहो,

वाण्याच्या तराजूला पासंग आहे का, हे कसं ओळखायचं ठाऊक आहे ना? पारडी अदलाबदल करायची. आजची गोष्ट अशाच एका तराजूची आहे, फक्त तो अंतराळात जातो.

आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान ‘आदित्य एल-१’ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. ११ जानेवारी २०२४ला त्याने सहा मीटरचा हात उघडला. त्या हातावर दोन चुंबकमापक आहेत. तिथलं चुंबकीय क्षेत्र जेमतेम पाच-सहा नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). आपल्याकडे होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र चाळीस हजारांच्या घरातलं. इतकं बारीक मोजायचं, तर शून्य जागेवर हवं.

अंतराळातला किरणोत्सार नेमकं ते शून्यच सरकवतो. मापकाचा गाभा, म्हणजे निकेल-लोखंडाची कडी आणि तिच्यावरची तांब्याची तार, तसा दणकट. नाजूक असते ती मागची चिप. तिच्यातल्या ऑक्साइडच्या पातळ थरात विद्युतभार अडकून बसतो. मापक बंद पडत नाही, चुकीचं सांगू लागतो. बंद पडलेला परवडला, निदान कळतं तरी!

म्हणून उड्डाणाआधी अशा चिपा कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांत ठेवतात. भिंती जाड काँक्रीटच्या, माणसं बाहेर, आत फक्त तारा. मापकाचं शून्य तपासायचं तर आणखी एक कटकट: भिंतीतल्या सळ्या, जवळची लिफ्ट, सगळ्यांचं चुंबकत्व मध्ये लुडबुडतं. तेव्हा मापक म्यू-मेटलच्या, म्हणजे बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या मिश्रधातूच्या डब्यात ठेवायचा, शून्य लिहून घ्यायचं, किरणांची मात्रा द्यायची, पुन्हा लिहायचं. मात्रा भराभर देऊन मोकळं व्हावं, तर तेही नाही. बायपोलर नावाच्या प्रकारातल्या काही चिपा संथ माऱ्यातच जास्त बिघडतात. रॅड हे किरणांच्या मात्रेचं माप; सेकंदाला १० मिलिरॅड या गतीने ५० किलोरॅड द्यायला जवळजवळ दोन महिने लागतात.

गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ने आपली इलेक्ट्रॉनिक्स सुमारे एक सेंटिमीटर जाड टायटॅनियमच्या पेटीत ठेवली आहे. मापकाला मात्र यानापासून लांब राहावं लागतं, म्हणून तो सौरपंखाच्या टोकाला, उघड्यावर. पण जुनो मिनिटाला दोनेक गिरक्या घेतो. दर गिरकीला मापकाच्या दोन दिशा पालटतात, आणि पारडी अदलाबदल केल्यासारखा त्यांचा पासंग उघडा पडतो. तिसरी दिशा गिरकीच्या अक्षावरची. ती पालटत नाही, आणि तिचा पासंग या युक्तीने सापडत नाही.

नमस्कार.