दोन रकाने

नमस्कार, श्रोतेहो. संसार कसा चालला आहे, असे कोणी विचारले की आपण ‘बरा चालला आहे’ एवढेच सांगतो, आणि मानसशास्त्रज्ञही बराच काळ असेच एकच उत्तर घेत आले. ग्रॅहॅम स्पॅनियर यांच्या १९७६ सालच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ३२ प्रश्न आहेत, पण शेवटी त्यांची बेरीज एकच होते. १९९७ साली फ्रँक फिंचम आणि केनेथ लिनफिल्ड यांनी सहाच प्रश्न विचारले: तीन केवळ चांगल्याविषयी, तीन केवळ वाईटाविषयी. पुन्हा सांगते, चांगल्याचा रकाना वेगळा आणि वाईटाचा वेगळा. आपल्याकडे पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जमले की बैठक ठरते; लग्नाआधीच दोन माणसांची एक बेरीज करून टाकण्याची ही घाई मला कधीच पटलेली नाही.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले असता मी तिला हेच विचारले. ती घेवडा मोडत बसली होती. आतोबांच्या केवळ चांगल्या गोष्टींना दहापैकी किती, असे विचारताच ती थांबली, शेंगेची शीर ओढून काढली आणि म्हणाली, “नऊ. मला विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर यांनी माझे केस विंचरले; ओढ बसू नये म्हणून आधी खोबरेल लावून बोटांनी गुंता सोडवायचे.” केवळ वाईटाला किती, या प्रश्नावर मात्र ती थांबली नाही. “त्यालाही नऊ. गावची जमीन विकली, ते मला खरेदीखत झाल्यावर कळलं.” नवऱ्याशी कामापुरतेच बोलणाऱ्या तिच्या धाकट्या जावेने दोन्हींना दोन-दोन दिले. मी सगळे आकडे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिले. वजाबाकी केली तर दोघींची शिल्लक शून्यच. पण एकीच्या मनात चाळीस वर्षांचे प्रेम आणि राग दोन्ही काठोकाठ आहेत, आणि दुसरीला आता रागावण्याइतकेही काही वाटत नाही.

फिंचम आणि लिनफिल्ड यांनाही हेच आढळले होते. दोन्ही रकाने भरलेल्या आणि दोन्ही रिकामे असलेल्या पत्नींचे गुण जुन्या मोजमापात सारखेच पडत. नवरा-बायकोच्या एकमेकांशी वागण्याविषयी आणि त्यामागच्या कारणांविषयी त्यांचे सांगणे मात्र वेगळे होते.

संध्याकाळी आतोबांनी चष्मा लावून तो कागद वाचला. पहिल्या नवाविषयी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यावर बोट ठेवून त्यांनी आत्याला हलकेच विचारले, “जमीन का?” त्या व्यवहाराला बावीस वर्षे झाली होती. ती “हो” म्हणाली, आणि ते तिच्याजवळ पाटावर बसले.