आधी त्याला चावला, मग मला

(दृश्य: सांगलीकडचं एक गाव. समाजमंदिर, दिवेलागण. ट्यूबलाइटभोवती किडे.)

प्रश्न विचारला मागच्या रांगेतल्या आजोबांनी. आशाताई मघापासून सांगत होत्या, एचआयव्ही एका ताटात जेवल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. आजोबांनी हात वर केला. "ताई, एक डास आधी त्याला चावला. उडाला, मग मला चावला. सुई तर तीच की! मग कसं होत नाही?"

सभा हसली. आजोबा हसले नाहीत.

आणि प्रश्न हसण्यासारखा नाहीच. हाकलला की अर्ध्या पोटी उठून दुसऱ्याकडे जाणारे डास असतात. दिवसा चावणारा एडिस तर त्यात पटाईत. सुईचं म्हणाल, तर 'दूषित सुईतून होतो' हे भिंतीभिंतींवर रंगवलं कुणी? आपणच.

(दृश्य: पैदासखोली. जाळीचे पिंजरे, पांढऱ्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या.)

म्हणून ती सुई बघायला आम्ही डासांच्या पैदासखोलीत आलो. आत उकाडा आणि दमट हवा. अळ्यांना खायला कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा. पिंजऱ्यात शेकडो डास. त्यातले नर साखरपाण्यावर जगतात. रक्त लागतं ते मादीला, अंडी घालायची असतात म्हणून.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली डासाचं तोंड.)

हे तिचं तोंड. नुसत्या डोळ्यांना एक केस दिसतो. इथं बघा, बाहेरून म्यान आहे आणि म्यानात सहा बारीक पाती. चावताना म्यान बाहेरच राहतं, कोपरासारखं दुमडतं. आत शिरतात ती सहा पाती. त्यातली चार कातडी कापायला आणि जागा धरून ठेवायला. उरलेली दोन नीट बघा. एक पन्हळीसारखं आहे, त्यातून रक्त वर जातं. दुसऱ्याला आरपार बारीक नळी आहे, तिच्यातून लाळ खाली येते. रक्त गोठू नये म्हणून ही लाळ. आपल्याला खाज सुटते ती हिच्यामुळेच.

रक्ताची वाट वेगळी, लाळेची वेगळी. इंजेक्शनच्या सुईला एकच भोक असतं. आत राहिलेलं रक्त दट्ट्या दाबला की पुढच्या माणसाच्या अंगात जातं. डासानं प्यालेलं रक्त पोटात जातं, ते पुढच्या माणसात ओतलं जात नाही. पुढच्याला मिळते ती लाळ.

मग मलेरिया कसा होतो?

(दृश्य: हैदराबाद, बेगमपेठ. रॉस यांनी काम केलेली इमारत. व्हरांडा, जुन्या खिडक्या.)

त्यासाठी थोडं मागं जाऊ. ऑगस्ट 1897. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर सिकंदराबादेत डास चिरत बसला होता. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला त्यानं डास चावून घ्यायला लावले, दर डासामागे एक आणा देऊन. दहा डासांचे दहा आणे. 20 ऑगस्टला त्यातल्याच एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात मरत नव्हता, वाढत होता. पुढच्या वर्षी कोलकात्यात, पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना, त्या मलेरियाचा परजीवी त्याला डासाच्या लाळग्रंथीत सापडला. 1902 चं नोबेल याच कामाचं.

दार आहे ते लाळग्रंथीत. तिथवर पोहोचेल तोच चाव्यातून पुढं जाईल. डेंग्यूचा विषाणू पोहोचतो. डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो, अंगभर पसरतो आणि साधारण आठ ते बारा दिवसांनी लाळेत उतरतो. एचआयव्हीला पेशीत शिरायला लागते ती सीडी-4 नावाची कडी. ती माणसाच्या काही पेशींवर असते, डासाच्या पेशींवर नाही. त्यामुळे विषाणू पोटातच अडकतो आणि रक्ताबरोबर एक-दोन दिवसांत पचून जातो. आपण भाकरी पचवतो, तसा.

(दृश्य: काचपट्टीवर रक्ताचा थेंब, शेजारी पोट भरलेली डासीण.)

आजोबा यावरही म्हणतील, तोंडाला लागलेलं रक्त राहिलंच की! तर हिशोब मांडू. भरल्या पोटी डासाच्या अंगात रक्त किती? थेंबाचा विसावा भाग, फार तर. औषधं न घेणाऱ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात दहा हजार विषाणू धरले, तर डासाच्या अख्ख्या पोटात येतात पंचवीस-तीस. तोंडाला लागून राहतो त्याचाही अगदी बारीक अंश. बाधित रक्ताची पोकळ सुई दवाखान्यात चुकून टोचली, तरी लागण होते ती हजारात सुमारे तिघांना. आणि आता नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात तर विषाणू चाचणीत सापडतही नाही.

(दृश्य: फ्लोरिडाचा नकाशा. उसाच्या शेतांची जुनी छायाचित्रं.)

आजोबांचा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला होता. फ्लोरिडातलं बेल ग्लेड. तिथंही ऊसच, तिथंही बाहेरून आलेले तोडकरी, खुराड्यांसारख्या खोल्या आणि डासच डास. 1985 च्या सुमारास या छोट्या गावात एड्सचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त निघालं, आणि दोन डॉक्टरांनी बोट डासांकडे दाखवलं. सरकारी रोगतज्ज्ञांनी घरोघर जाऊन रक्त तपासलं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत एकही बाधित नाही. साठीच्या पुढंही एकही नाही. डास काय वय विचारून चावतो? लागण सापडली ती मधल्या वयात, शरीरसंबंधांच्या आणि नशेच्या सुयांच्या वाटेनं.

(दृश्य: एक बंद दार. ओट्यावर एकटं पालथं घातलेलं ताट-वाटी.)

असल्या गैरसमजांपायी गावोगाव माणसांची ताटं वेगळी झाली, मुलांच्या शाळा सुटल्या. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं अशा भेदभावाला मनाई केली आहे.

(दृश्य: पुन्हा समाजमंदिर. लोक उठताहेत.)

आशाताईंनी त्या संध्याकाळी सूक्ष्मदर्शक आणला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "आबा, तुमच्या नातवाला किती डास चावले असतील आजवर?" आजोबा काही बोलले नाहीत. काठी घेऊन उठले.

(दृश्य: आजोबांचं अंगण. मोरीजवळचा रांजण. आशाताई बॅटरीचा झोत आत टाकतात. पाण्यात अळ्या.)

जाता जाता ताईंनी त्यांच्या रांजणात डोकावून पाहिलं. या अळ्या एडिसच्या. डेंग्यू पसरवतो तो हाच.

(आवाज: रांजण आडवा केल्याचा, अंगणात पाणी वाहिल्याचा.)