इंटरलागोस २००८: विजेता एक, जगज्जेता दुसरा

२ नोव्हेंबर २००८. साओ पावलो शहराच्या दक्षिण भागात, दोन मोठ्या जलाशयांच्या मध्ये असलेल्या इंटरलागोसच्या मार्गावर फॉर्म्युला वनच्या त्या हंगामातील अठरावी आणि अखेरची शर्यत होणार होती. गुणतक्त्यात मॅक्लारेनचा लुईस हॅमिल्टन ९४ गुणांसह पहिला होता आणि फेरारीचा फेलिपे मासा ८७ गुणांसह दुसरा. त्या काळी विजेत्याला १० गुण मिळत आणि पुढे ८, ६, ५, ४ असे उतरत जात आठव्या क्रमांकाला एक गुण मिळे. मासाने ही शर्यत जिंकली, तर हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. तो सहावा आला असता, तर दोघांचे गुण ९७ असे सारखे झाले असते आणि हंगामात जास्त शर्यती जिंकल्यामुळे विजेतेपद मासाकडे गेले असते. पाचवा आणि सहावा यांतला हा फरक लक्षात ठेवलेला बरा, कारण पुढचा सारा खेळ त्याच्याभोवती फिरतो.

मासा याच शहरात जन्मलेला. ब्राझीलचा शेवटचा जगज्जेता म्हणजे १९९१ चा आयर्टन सेना. त्यानंतर सतरा वर्षे हा देश वाट पाहत होता. हॅमिल्टनसाठी इंटरलागोसची आठवण वेगळ्या कारणाने कडू होती. आदल्या वर्षी, पदार्पणाच्याच हंगामात, तो गुणतक्त्यात आघाडीवर राहून येथे आला होता, आणि गाडीतील बिघाडामुळे मागे पडून अवघ्या एका गुणाने विजेतेपद गमावून परतला होता. ते विजेतेपद फेरारीच्या किमी रायकोनेनने पटकावले होते.

शर्यतीतील प्रारंभाचा क्रम ठरवणाऱ्या शनिवारच्या पात्रता फेरीत मासाने पहिले स्थान मिळवले. टोयोटाचा यार्नो त्रुल्ली दुसरा, रायकोनेन तिसरा आणि हॅमिल्टन चौथा आला. मॅक्लारेनचे धोरण उघड होते: भांडणात पडायचे नाही, पहिल्या पाचांत राहायचे आणि गाडी सुखरूप परत आणायची. कागदावर हे धोरण शहाणपणाचे असले, तरी फॉर्म्युला वनमध्ये जपून चालवणारा चालक पुष्कळदा इतरांच्या निर्णयांच्या हाती सापडतो, आणि रविवारी नेमके तेच झाले.

शर्यत सुरू होण्याच्या अगदी तोंडावर पावसाची जोरदार सर आली. प्रारंभ दहा मिनिटे पुढे ढकलण्यात आला आणि संघांनी घाईघाईने ओल्या रस्त्याला चालणारे इंटरमीडिएट टायर चढवले. कारकीर्दीतील अखेरची शर्यत खेळणारा डेव्हिड कुल्थार्ड पहिल्याच फेरीत धडकेमुळे बाहेर पडला आणि धोका असताना सर्व गाड्यांना संथ गतीने आपल्या मागे चालवणारी सेफ्टी कार मार्गावर आली. रस्ता मात्र झपाट्याने वाळत होता. तो वाळतो आहे हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, त्यांत विजय मल्ल्या यांच्या सहमालकीच्या फोर्स इंडियाचा जियानकार्लो फिसिकेला होता. त्याने इतरांच्या बऱ्याच आधी कोरड्या रस्त्याचे टायर घेतले आणि बाकीचे पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या आणि इंधन भरण्याच्या जागी, जाऊन येईपर्यंत तो चक्क पाचव्या स्थानी पोहोचला. संपूर्ण हंगामात एकही गुण न मिळालेल्या, भारताच्या नावाने उतरलेल्या या संघाची गाडी काही फेऱ्या भावी जगज्जेत्याच्या पुढे होती. अखेर हॅमिल्टनने फिसिकेलाला मागे टाकले आणि पिटच्या पुढच्या थांब्यांनंतर तो चौथ्या स्थानी स्थिरावला. पुढे मासा एकही चूक न करता शर्यतीचे नेतृत्व करत होता.

एकूण ७१ फेऱ्यांपैकी जेमतेम आठ उरल्या असताना पुन्हा पाऊस भुरभुरू लागला. या टप्प्यावर प्रत्येक संघापुढे एकच प्रश्न होता: ओल्या रस्त्याचे टायर घेण्यासाठी थांबून वीस-बावीस सेकंद घालवायचे, की आहे त्याच टायरवर कशीबशी शर्यत संपवायची? आघाडीच्या जवळपास सर्व गाड्या पिटमध्ये आल्या. टोयोटाने मात्र त्रुल्ली आणि टिमो ग्लॉक या आपल्या दोन्ही चालकांना रस्त्यावरच ठेवले. सातव्या स्थानी असलेला ग्लॉक त्यामुळे चौथ्या स्थानी आला आणि हॅमिल्टन पाचव्यावर घसरला. पाचवा क्रमांकही त्याला पुरत होता, पण त्याच्या पाठीशी तोरो रोसोचा एकवीस वर्षांचा सेबास्टियन व्हेटेल लागलेला होता.

दोन फेऱ्या उरल्या असताना एक फेरी मागे असलेल्या रॉबर्ट कुबिकाने हॅमिल्टनला ओलांडले. त्या गडबडीत हॅमिल्टनची गाडी वळणावर थोडी बाहेर गेली आणि मिळालेल्या फटीतून व्हेटेल पुढे निसटला. हॅमिल्टन सहावा झाला. त्या क्षणी जगज्जेतेपद मासाकडे होते, आणि पावसात भिजत उभ्या असलेल्या प्रेक्षकांना ते माहीत होते. हॅमिल्टनने शेवटची फेरी सुरू केली तेव्हाही तो व्हेटेलला गाठू शकलेला नव्हता.

मासाने अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या फर्नांडो अलोन्सोपेक्षा तो १३ सेकंद पुढे होता. फेरारीच्या दालनात मासाचे कुटुंबीय एकमेकांना मिठ्या मारत होते. हॅमिल्टन मात्र अजून मार्गावरच होता. डोंगर चढून सरळ रस्त्याकडे नेणाऱ्या जुन्साव या डाव्या वळणावर, म्हणजे शर्यतीतील जवळजवळ शेवटच्या वळणावर, कोरड्या रस्त्याच्या टायरवर अक्षरशः घसरत चाललेला ग्लॉक व्हेटेल आणि हॅमिल्टन यांना सापडला. आधी व्हेटेल आणि त्याच्या मागोमाग हॅमिल्टन त्याला ओलांडून गेले. मासानंतर ३८.९ सेकंदांनी हॅमिल्टन पाचवा आला. अंतिम हिशेब हॅमिल्टन ९८, मासा ९७ असा झाला. तेवीस वर्षांचा हॅमिल्टन तोवरचा सर्वांत तरुण आणि पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता ठरला. संघांचे विजेतेपद फेरारीने मिळवले, पण त्या संध्याकाळी त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. विजयमंचावर मासा भरल्या डोळ्यांनी छातीवर मूठ आपटत घरच्या लोकांना अभिवादन करत होता.

ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, हा आरोप त्याच संध्याकाळी सुरू झाला आणि पुढे कितीतरी दिवस त्याचा पिच्छा पुरवत राहिला. शर्यतीचा वेळतक्ता समोर ठेवला, की हा आरोप टिकत नाही. शेवटच्या फेरीला ग्लॉकला जवळपास १ मिनिट ४५ सेकंद लागले. त्याच गाडीत, त्याच प्रकारच्या टायरवर धावणाऱ्या त्रुल्लीलाही जवळपास तेवढाच वेळ लागला. शिवाय पाऊस येण्यापूर्वी सातवा असलेला ग्लॉक शेवटी सहावा आला. टोयोटाचा डाव फसला नव्हता, तो एका स्थानाने फळाला आला होता. पाऊस आणखी एक फेरी उशिरा वाढला असता, तर कदाचित हेच लोक टोयोटाच्या हुशारीचे गोडवे गात राहिले असते.

त्या एका गुणाचा शोध घ्यायचाच असेल, तर इंटरलागोसच्या मागे जावे लागते. हंगेरीत मासा आघाडीवर असताना, केवळ तीन फेऱ्या उरल्या असताना त्याचे इंजिन बंद पडले. बेल्जियममध्ये उलट घडले: हॅमिल्टनला शर्यतीनंतर दंड झाला आणि विजय मासाला मिळाला. सिंगापूरमध्ये मासा पुढे होता, पण सेफ्टी कारच्या काळातील थांब्यावर इंधनाची नळी गाडीला जोडलेली असतानाच तो निघाला आणि शेवटी तेरावा आला. ती सेफ्टी कार ज्या अपघातामुळे आली, तो रेनो संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने ठरवून केला होता, हे २००९ मध्ये उघड झाले. या प्रकरणाची चौकशी वेळीच व्हायला हवी होती, असे म्हणत मासाने २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा रोख सिंगापूरवर आहे. इंटरलागोसच्या निकालाबद्दल मासाची तक्रार असण्याचे कारणच नाही. ती शर्यत त्याने जिंकली होती, आणि त्यानंतर २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याला दुसरी जिंकता आली नाही.