इंजिन खोलण्याआधी काटा बघा

नमस्कार श्रोतेहो. गाडी चढावर दमते, उभी असताना थरथरते, ऑइल पिते, आणि मेकॅनिक म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." त्याला एवढंच विचारा, "कॉम्प्रेशन बघितलं का?" कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते. हे मोजायचं काम तासाभराचं, तरी ते टाळून सरळ पाना हातात घेणारे कमी नाहीत.

पेट्रोल गाडीपुरतं सांगतो. इंजिन गरम करून बंद करायचं. इंधन आणि इग्निशन तोडायचं. स्पार्क प्लग सगळे काढायचे, एकच काढला तर बाकीच्या सिलिंडरांचा दाब ढकलताना स्टार्टर अडखळतो. प्लगच्या जागी दाब मोजणारा काट्याचा गेज बसवायचा, आत बसलेल्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा हिसक्यांपर्यंत, स्टार्टर मारायचा. अ‍ॅक्सिलरेटर विसरलात तर हवा आत पुरेशी जातच नाही आणि धडधाकट इंजिन आजारी ठरतं. उतरलेली बॅटरीही असाच चकवा देते.

आता आकडे. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत काटा १२५ ते १८० पीएसआयच्या (हे दाब मोजायचं एकक) दरम्यान थांबतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. मी मात्र आधी सिलिंडर एकमेकांशी ताडून बघतो. चारही १४० दाखवत असतील तर मला फारशी चिंता नाही. तीन १७० आणि एक ११० असेल, तर दुखणं त्या एकातच आहे.

मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेत. काटा आधीच्या आकड्यावरून हललाच नाही तर संशय व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरच्या झडपांवर, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालच्या (हेडखालच्या) पट्टीवर. व्हॉल्व्हसाठी हेड उतरवलं की भागतं, रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावे लागतात. खर्चातला फरक तुम्हीच ओळखा.

डिझेलवाल्यांनी यातलं काही करू नये. तिथला दाब दुपटीहून जास्त, हा गेज तिथे चालत नाही, आणि ऑइल सोडणं तर धोक्याचंच.

सगळं जोडून गाडी सुरू केलीत की सायलेन्सरमधून थोडा निळा धूर निघेल. ते तुमचंच चमचाभर ऑइल जळतंय.