एका केसाची दोनदा साक्ष

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज घरून निघताना कंगव्यातले चार केस काढले आणि या पुडीत बांधून आणले. मागच्या रांगांना ते दिसणार नाहीत. पुढच्यांनाही फारसं काही दिसणार नाही, कारण या वयात कंगव्यात येण्याइतकं माझ्याकडे उरलंय कुठे! तरुण, धडधाकट माणसाच्या डोक्यावरून मात्र दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. मी उभा आहे तिथे कालच्या वक्त्यांचेही दोन-तीन पडलेले असणार. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ‘घटनास्थळी केस सापडला’ असं पेपरात वाचलं की आपण लगेच मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो.

केसाने गळा कापणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तो जवळजवळ शब्दशः खरा झाला असता. नॅम्पा नावाच्या गावातून फेब्रुवारी १९८२ मध्ये शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली आणि पुढे तिचा मृतदेह सापडला. तिच्या कपड्यांवर काही केस होते. पोलिसांनी बऱ्याच पुरुषांचे केस तपासायला घेतले, त्यात चार्ल्स फेन नावाचा एकजण सापडला. तो तेव्हा मुलीच्या घराजवळच राहत होता. घटनेच्या दिवशी आपण शेजारच्या ओरेगन राज्यात वडिलांकडे होतो, असं तो सांगत राहिला. एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहिले आणि ते त्याच्या केसांशी जुळत असल्याची साक्ष दिली. कोठडीतल्या दोघा कैद्यांनी ‘आमच्यापाशी त्याने कबुली दिली’ असं सांगितलं. १९८४ मध्ये फेनला फाशीची शिक्षा झाली.

आता हे ‘जुळणं’ म्हणजे नेमकं काय होतं? दोन सूक्ष्मदर्शक एकमेकांना जोडलेले असतात. एका बाजूला घटनास्थळावरचा केस, दुसऱ्या बाजूला संशयिताचा, आणि मध्ये उभी रेघ. तज्ज्ञ बाहेरच्या खवल्यांचं आवरण पाहतो, आतल्या रंगकणांची दाटी पाहतो, मधली पोकळ नळी सलग आहे की तुटक ते पाहतो. मी स्वतः शिकताना असे शेकडो केस पाहिले आहेत. खरं सांगायचं तर एकाच डोक्यावरचे दोन केस कधीकधी इतके वेगळे दिसतात की भाऊभाऊ म्हणायलाही जीभ रेटत नाही. अमका केस अमक्या माणसाचाच, असं ठरवणारं कुठलंही मोजमाप यात नाही. कुत्र्याचा केस माणसाचा नव्हे इतकं ठामपणे सांगता येतं, आणि तेही नीट पाहिलं तर! वॉशिंग्टनमधल्या एका टॅक्सीचालकाच्या खुनात मोज्याच्या बुरख्यावर मिळालेल्या तेरा केसांपैकी एक आरोपीशी जुळतो, असं ज्युरीला सांगितलं गेलं होतं. २०१२ मध्ये डीएनए तपासणी झाली तेव्हा तेरातला एकही त्याचा निघाला नाही, आणि एक चक्क कुत्र्याचा निघाला. तोवर त्या माणसाची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

२०१५ मध्ये एफबीआयने आपल्याच जुन्या साक्षी तपासल्याचा हिशेब जाहीर केला. आरोपीविरुद्ध केसांची साक्ष दिलेले २६८ खटले तोवर तपासून झाले होते. त्यातल्या २५७ मध्ये तज्ज्ञांनी विज्ञानाला पेलणार नाही असं विधान केलेलं होतं. हा आकडा ऐकून थोडं थांबा, घाई नको. या २५७ प्रकरणांतले सगळे आरोपी निर्दोष होते, असा याचा अर्थ नाही. साक्ष चुकीची आणि माणूस गुन्हेगार, असंही असू शकतं. पण त्यांत फाशीची शिक्षा झालेले लोकही होते, आणि काहींची फाशी अमलात येऊन गेली होती.

फेनकडे परत येऊ. मुळासकट उपटलेला केस असेल तर मुळाशी पेशी असतात आणि नेहमीची डीएनए तपासणी होऊ शकते. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी मात्र बहुधा काहीच मिळत नाही. मुळाच्या वरचा केस म्हणजे वाळलेलं केराटिन, नखांत असतं तेच प्रथिन. केस घडतानाच पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचे तुकडे होऊन जातात. टिकतो तो मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक कणांतला, कारण पेशीत एका केंद्रकामागे त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. जेमतेम १६,५६९ अक्षरांचा हा मजकूर येतो आईकडूनच. म्हणजे तुमचा, तुमच्या आईचा, आईच्या आईचा, मावशीचा, मामाचा आणि मावसभावाचा एकच. मामेभावाचा वेगळा, कारण तो त्याला त्याच्या आईकडून, तुमच्या मामीकडून मिळाला. त्यामुळे या तपासणीचा ‘हो’ घराण्यापुरता असतो, पण ‘नाही’ पक्का असतो. २००१ मध्ये फेनच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ आलं आणि जवळपास अठरा वर्षं मृत्यूच्या कोठडीत काढून तो बाहेर आला.

पण मग केस कोणाचे? याचं उत्तर मिळायला आणखी जवळपास दोन दशकं लागली, आणि ते आलं अगदी वेगळ्या दालनातून. एड ग्रीन हे कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ निअँडरथल या नामशेष झालेल्या माणसाच्या हाडांतला डीएनए वाचणाऱ्या चमूत होते. २०१० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. हजारो वर्षांच्या हाडात डीएनए कसा असतो? वाळवी लागलेल्या पोथीसारखा. सलग ओळ कुठेच नाही, चाळीस-पन्नास अक्षरांचे कपटे. नेहमीची तपासणी सलग ओळ मागते, साधारण शंभर ते चारशे अक्षरांची. ती मिळाली नाही की अहवालात ‘निष्कर्ष नाही’. ग्रीन यांना कपट्यांची सवय होती. तीच पोथी दुसरीकडे धड उपलब्ध असेल, तर एकेक कपटा तिच्यावर ठेवून तो कुठल्या पानाचा हे शोधता येतं. माणसाच्या जनुकांची अशी धड प्रत आता आहे. मुळाशिवायच्या केसातही असेच कपटे असतात, आणि भरपूर.

न्यू हॅम्पशायरच्या बेअर ब्रुक जंगलात १९८५ आणि २००० मध्ये पिंपांत मिळालेल्या चार मृतदेहांपैकी तिघींची ओळख २०१९ मध्ये अशा केसांवरून पटली. नॅम्पातही तेच तंत्र आणि वंशावळीचा शोध, म्हणजे डीएनएवरून दूरचे नातेवाईक हुडकून माणसापर्यंत पोचणं, यांची जोड घातली गेली. २०२० मध्ये दुसऱ्याच एका माणसावर आरोप ठेवले गेले आणि पुढे तो दोषी ठरला. तो आधीच वेगळ्या गुन्ह्यात तुरुंगात होता. ज्या पुराव्याने एकाला फाशीच्या दारात नेलं, त्यानेच त्याला सोडवलं आणि दुसऱ्याला गाठलं. या पद्धतीवर कोर्टात आक्षेप घेतले जातात, आणि घेतलेच पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाच्या काळात कोणी पुरेसे घेतले नाहीत, त्याचेच तर हे सगळे भोग आहेत.

हे घडलं कशामुळे? कुणीतरी ते केस जपले म्हणून. टेक्सासमध्ये २००० साली एका दुकानदाराच्या खुनासाठी क्लॉड जोन्सला देहदंड दिला गेला. त्याच्याविरुद्धच्या साथीदाराच्या जबानीला दुजोरा देणारा मुख्य पुरावा होता एक छोटासा केस. तो कसाबसा टिकला. २०१० मध्ये तपासला, तर तो मृत दुकानदाराचाच निघाला. माणूस दहा वर्षांपूर्वीच गेलेला.

पुढच्या रांगेत बसलेले निवृत्त फौजदारसाहेब मघापासून मान हलवताहेत, कारण मुद्देमालाची खोली त्यांनी पाहिली आहे. पावसाळ्यात ओल आलेली, बोचक्यावर बोचकं, चिठ्ठीवरची शाई पसरलेली. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय. चांगलं आहे. पण आणलेला लखोटा ठेवणार कुठे, हे त्या खोलीला विचारावं लागेल.

शेवटी एका ताईंचा प्रश्न आला. मुलाचं जावळ तीस वर्षं जपून ठेवलंय, त्यातून डीएनए निघेल का? ताई, न्हाव्याने कापलेलं जावळ म्हणजे मूळ नसलेले केसच. मायटोकॉन्ड्रियाचा बहुतेक निघेल, पण तो तर तुमचाच, त्यासाठी मुलाच्या केसांना कशाला त्रास! नव्या पद्धतीने बाकीचंही वाचता येईल, फक्त त्यात थोडे केस दळून संपतील. कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी असतील तर काळजी नाही. आम्हीही केस असेच बांधतो, अंगाऱ्याच्या पुडीसारखे, वर लाखेचं सील. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले असतील, तर आज घरी गेल्यावर तेवढे बाहेर काढा.