पिल्लाला हवा ओलसर आडोसा

मंडळी, जमिनीवर राहणाऱ्या कासवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं असतं. कवच अजून कच्चं, आणि कावळ्यापासून उंदरापर्यंत कुणीही त्याला खाऊ शकतं. म्हणून रानात ही पिल्लं उघड्यावर फारशी दिसतच नाहीत. गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्याखाली, भुसभुशीत मातीत ती दडून असतात. वर ऊन रणरणत असलं तरी तिथे खाली हवा दमट असते. घरात पिल्लू पाळायला पेटी मांडताना नक्कल करायची ती याच जागेची.

बरीच वर्षं याच्या उलट सांगितलं जायचं. सल्काटा हे आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातलं कासव, तेव्हा त्याचं पिल्लूही कोरडंच ठेवा! अशी पिल्लं वाढली की कवचाचा एकेक खवला टेंगळासारखा वर यायचा. याला पिरॅमिडिंग म्हणतात. दोष जायचा खाण्यातल्या प्रथिनांवर. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सल्काटाची पिल्लं कमी-जास्त दमट हवेत आणि कमी-जास्त प्रथिनांवर वाढवली होती. कोरड्या हवेतल्या पिल्लांची टेंगळं अधिक उंच निघाली. प्रथिनांचा परिणाम त्यापुढे किरकोळ होता. आणि एकदा आलेलं टेंगूळ पुन्हा सपाट होत नाही. म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगतोय, पहिली दोन वर्षं ओलावा सांभाळा.

बहुतेक जातींच्या पिल्लांना ७० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. त्यासाठी तळाशी पाच ते आठ सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत-औषध न घातलेली माती यांचं मिश्रण पसरा. पाणी वरून शिंपडत बसू नका, ते कोपऱ्यातून ओता. खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा, त्यामुळे पोटाकडचं कवच कुजत नाही. वाळू नको, ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. देवदाराचा भुसाही नको. त्यातली तेलं श्वसनाला त्रासदायक असतात. पेटीचं झाकण बरंचसं बंद ठेवा. उघड्या पेटीत दिव्याच्या उष्णतेने सगळा ओलावा उडून जातो.

पेटी ९० बाय ६० सेंटिमीटरची असली की सुरुवातीला पुरते. काचेची असेल तर खालच्या भागाला बाहेरून कागद लावा. काच म्हणजे अडथळा हे पिल्लाला कळत नाही. ते तासन्‌तास तिला धडकत राहतं. बिचारं दमून जातं.

एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५च्या आसपास तापमान ठेवा. मोजायचं ते कवचाच्या उंचीवर, भिंतीवर वर टांगलेल्या तापमापकावर नाही. रात्री दिवे बंद. तरीही उष्ण प्रदेशातल्या जातींना ऊब लागतेच, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा. दमट आणि गार ही जोडी घातक. त्यातूनच फुप्फुसाचे आजार होतात. तापणारे दगड मात्र पेटीत नकोत. पोट भाजत असलं तरी कासव बाजूला होत नाही.

अतिनील-बी किरणांचा दिवा हवाच. त्याशिवाय शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि कवच मऊ पडतं. पेटी खिडकीशी ठेवून भागत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. उलट बंद काचपेटीवर ऊन आलं तर आतलं पिल्लू होरपळून मरतं. दिव्याचा उजेड दिसत राहतो, पण त्याचे हे किरण कालांतराने क्षीण होतात. नळी कधी बदलायची ते पाकिटावर बघून तारीख लिहून ठेवा.

दोन्ही टोकांना एकेक आडोसा द्या, त्यातला एक ओलसर शेवाळाचा. पाण्याची बशी इतकी उथळ की पिल्लू सहज चढून बाहेर येईल. दिव्याखाली उंच दगड रचू नका. तिथे उताणं पडलेलं पिल्लू थोड्याच वेळात दगावू शकतं. शिवाय रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच ठेवून.

हे सगळं पिल्लू आणण्याआधी आठवडाभर चालवून बघा. पहाटेचं आणि दुपारचं तापमान, आर्द्रता लिहून ठेवा. आकडे स्थिरावले की मगच पिल्लू आणा. पहिले काही दिवस ते आडोशातच दडून बसेल. बसू द्या. आंघोळ आणि खाणं यांपुरतंच त्याला हात लावा.